बोअरच्या पाण्यात न उठलेलं तळं

बेडूक मार्चमध्ये मिळत नाही, ही साधी गोष्ट विद्यापीठाला शेवटपर्यंत कळली नाही. आमच्या खान्देशात मार्चमध्ये माणूस सावली शोधत फिरतो, तिथं बेडूक काय काठावर बसून परीक्षेची वाट बघणार? पण प्रात्यक्षिक परीक्षा दरवर्षी मार्चमध्येच, आणि दर विद्यार्थ्यापुढं मेणाच्या ताटलीत एक बेडूक हवाच. तो आणायचा कुणी? मी.

चोपड्याकडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर म्हणजे शिपाई नव्हे, हे आधीच सांगतो. यावरून मी तीस वर्षं भांडलोय. बाटल्यांतलं फॉर्मलीन बदलणं, सूक्ष्मदर्शकाच्या काचा पुसणं, आसुत पाणी काढणं, म्हणजे पाणी उकळून त्याची वाफ थंड करून शुद्ध पाणी जमवणं, हे माझं खोलीतलं काम. आणि बाहेरचं काम म्हणजे जनावरं आणणं. गांडूळ, जळू, गोगलगाय, शिंपला, बेडूक. सगळी चिखलातली मंडळी. सायकलला गोणपाट आणि पत्र्याचा डबा बांधून मी चोपड्यापासून शिरपूरच्या बाजूपर्यंत जेवढी म्हणून डबकी, पाझर, नाल्यांचे डोह होते तेवढे पालथे घातले. गावोगाव लोक मला 'चिखलवाला भाऊ' म्हणायचे. बायकोला ते नाव आवडायचं नाही.

बेडूक पावसाळ्यातच धरून कॉलेजच्या हौदात सांभाळायचे, अशी माझी पद्धत. एका वर्षी परीक्षेला आठ दिवस असताना नव्या सफाईवाल्यानं हौद स्वच्छ दिसावा म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर टाकली. त्याचा हेतू चांगला होता. सकाळी गेलो तर सगळे बेडूक पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आमचे विभागप्रमुख सर मुळात शांत माणूस, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "प्रल्हाद, आता?" मी म्हणालो, "आणतो सर." कुठून आणणार होतो, देवाला माहीत.

सायकल काढली आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावच्या तळ्यावर गेलो. गावाचं नाव लिहीत नाही; पुढं जे घडलं त्यात माझीच लाज आहे, गावाची नाही, तरी पण नको. पावसाळ्यात याच तळ्यात मी बेडूक धरायचो. आता ते ताटासारखं कोरडं पडलेलं, चिखलाला हातभर भेगा. मधोमध एक बाई अनवाणी चालत होती. ही सुंदराक्का, भोयाची. त्या तळ्यात शिंगाडा लावायचं काम तिच्या सासऱ्याच्या आधीपासून तिच्या घराकडं होतं. वय पन्नाशीचं, अंगानं वाळकुडी, आवाज मात्र काठापासून काठापर्यंत जाणारा.

"काय दवाडं रे भाऊ?" काय हरवलं, असं तिनं विचारलं. मी बेडकांची अडचण सांगितली. ती इतकी हसली की खाली बसली. मग उठून टाचेनं जमीन ठोकत चालू लागली. ठक, ठक, ठक, आणि एके ठिकाणी आवाज बदलला. "आठे खंद."

खणलं. दोन हातांखाली माती ओली लागली, आणि त्या मातीत, लिंपून ठेवल्यासारखा, डोळे मिटलेला बेडूक. त्याच्या शेजारी दुसरा. जरा बाजूला तोंडाला झाकण लावून बसलेल्या गोगलगायी, ओळीनं. मी पुस्तकात वाचलं होतं की उन्हाळ्यात हे प्राणी झोपतात. पण पुस्तकात 'झोपतात' वाचणं वेगळं आणि हातात तो थंडगार, जिवंत गोळा घेणं वेगळं. अक्का म्हणाली, "बठ्ठं खाले जाईसन निजेल शे. पाणी उनं की उठस." सगळं खाली जाऊन निजलंय, पाणी आलं की उठतं.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बेडूक उत्तम आहेत म्हणून शेरा दिला. अक्कानं मात्र निघताना विचारलं होतं, "परत आणी सोडशीन ना?" आणि मी हो म्हणालो होतो. कापलेला बेडूक कुणी परत सोडतं का! ते खोटं मला आजही बोचतं.

त्यानंतर माझी सवयच झाली. कुठंही गेलो की आधी चिखल बघायचा. चिखल म्हणजे नुसती घाण नाही हो, ती वही आहे. वरच्या पानावर यंदाचं लिहिलेलं, खालच्या पानावर आजोबांच्या वेळचं. एकदा केळीवाले एक आबा कॉलेजात आले, धोतराच्या सोग्यात मूठभर शिंपले बांधून. नवीन विहीर खणताना फार खोल पिवळ्या मातीत निघाले होते. सगळ्या गावानं ठरवलं होतं की इथं पूर्वी समुद्र होता, आणि आबांच्या जावयानं तर त्यात मोती शोधायला सुरुवात केली होती. मी शिंपला उलटसुलट बघितला, आत गेलो, बाटलीतून आमच्या तळ्यातला शिंपला आणला आणि शेजारी ठेवला. जुळे भाऊ.

"आबा, समुद्र नाही. गोड्या पाण्याचा आहे. तापी कधीकाळी तुमच्या विहिरीच्या जागी रेंगाळली असेल. तुमच्या केळीखाली जुनी पाणथळ आहे."

आबा जरा खट्टू झाले. समुद्र असता तर बरं वाटलं असतं त्यांना. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही तळ्यात केळी लावली म्हना!" ही गोष्ट त्यांनी बाजारभर सांगितली, आणि माझी कीर्ती झाली. चिखलवाल्या भाऊला माती दाखवा, तो खरं काय ते सांगतो. कीर्ती वाईट. ती माणसाला आंधळं करते.

पुढं नव्वदीच्या आसपास त्या भागात पावसानं लागोपाठ पाठ फिरवली. अक्काचं तळं दोन वर्षं भरलंच नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात गावात विषय निघाला: तळं मेलं, आता ते मुरूम टाकून सपाट करू, आठवडी बाजाराला जागा होईल, एस.टी.लाही वळायला सोपं. गावाबाहेरच्या वीटभट्टीचे शेठ ट्रॅक्टर द्यायला तयार होते. तळ्यातली वरची काळी माती मात्र त्यांना विटांसाठी हवी होती. सरपंच नाना भला माणूस. त्यांनी सगळ्यांचं ऐकलं, आणि एकटी सुंदराक्का विरोधात उभी राहिली तेव्हा तिचंही ऐकलं. ती म्हणत होती, तळं मेलेलं नाही, झोपलंय. भरलं तर झोपेतच मरेल. आणि माझं घर कशावर चालणार? दोन वर्षं ती लोकांच्या केळीत मजुरी करून तळ्याची वाट बघत होती.

नाना स्वतः एका डब्यात तळ्याची माती घेऊन माझ्याकडं आले. "प्रल्हादभाऊ, तुम्ही कॉलेजातले. अक्का म्हणते जिवंत आहे. तुम्ही बघून सांगा, तुमचा शब्द गाव मानेल."

तुमचा शब्द गाव मानेल! हे ऐकून माझी छाती फुगली. सरांना विचारावं, एवढंही मनात आलं नाही. सरांना कशाला? हे माझं खातं. दोन टबांत माती पसरली, वर कॉलेजच्या बोअरचं पाणी ओतलं, खिडकीशी ठेवलं. रोज भिंगातून बघायचो. पंधरा दिवस झाले. हिरवं शेवाळ आलं, डासांच्या अळ्या आल्या, बाकी काही नाही. नाना आले तेव्हा मी मान हलवली. ते म्हणाले, "तेवढं कागदावर द्या, म्हणजे वाद मिटेल." मी विभागाचा कागद घेतला आणि लिहून दिलं: सदर मातीत जीव आढळले नाहीत. खाली झोकात सही ठोकली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि ट्रॅक्टर लागले.

आठ दिवसांनी भर दुपारी सुंदराक्का प्रयोगशाळेच्या दारात उभी. चोपड्यापर्यंत एस.टी.नं आणि पुढं पायी आली होती. मला वाटलं शिव्या देणार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू सांगी दिन्हं, नि गावनी मानी लिन्हं. माले फक्त देखनं शे, तू काय देखं." तुला काय दिसलं ते मला बघायचंय.

टब अजून तसेच होते. ती वाकली, माती बोटांत चोळली, हुंगली. मग ओंजळ भरून टबातलं पाणी तोंडात घेतलं. मी "अगं अगं" करतोय तोवर तिनं ते खिडकीबाहेर थुंकलं.

"खारं शे हाई! खारा पाणीवर कोन उठी रे? त्या पाऊसना पाणीनी वाट देखतंस."

आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की आसुत पाण्याच्या यंत्रावर आठवड्याभरात पांढरा थर चढायचा. तो थर दर शनिवारी आम्ल टाकून खरवडणारा माणूस कोण? मीच. वर्षानुवर्षं ज्याच्या क्षारांना शिव्या घातल्या, तेच पाणी मी त्या मातीवर ओतलं होतं. आणि बाहेरच्या खोलीत काचेच्या मोठ्या बुधल्यात आसुत पाणी भरून ठेवलेलं, पावसासारखं कोरं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

सर सुट्टीतही यायचे. पळत जाऊन त्यांना सगळं सांगितलं, कागदाचंही. त्यांनी एका चिठोऱ्यावर लिहून मला समजावलं: या मातीत झिंग्यासारख्या बारीक जीवांची अंडी असतात, ती वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात. पाणी आलं म्हणून लगेच उठत नाहीत. पाण्यात क्षार कमी असले, म्हणजे भरपूर पाऊस पडलाय, तळं टिकणार, असं त्यांना कळतं, आणि मगच फुटतात. "प्रल्हाद, अंडी तुझ्यापेक्षा सावध आहेत," सर म्हणाले. मला ते लागलं, पण खरं होतं.

नानांच्या डब्यात उरलेल्या कोरड्या मातीवर आसुत पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगाखाली ठिपके, आणि ते ठिपके झटके देत चालले होते! मी एकटाच ओरडलो. त्यातले थोडे बरणीत घेतले, दुसऱ्या हातात आसुत पाण्याचा कॅन, आणि एस.टी. पकडली. कंडक्टर ओळखीचा, रोज त्याच मार्गावरचा. म्हणाला, "बरणीत काय?"

"जनावरं."

"दिसत तर नाहीत."

"म्हणून तर तिकीट मागू नका."

चावडीवर नानांनी लोक जमवले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी चुकलो. मी दिलेला कागद खोटा आहे. तळं जिवंत आहे." हे तीन वाक्यांत संपलं, पण ती तीन वाक्यं बोलायला मला जेवढा घाम फुटला तेवढा कुठल्याच मे महिन्यात फुटला नव्हता.

भट्टीवाले शेठ हसले. "मागल्या महिन्यात मेलेलं, आज जिवंत! भाऊ, कॉलेजात मेलेलं उठवत असाल तर आमच्या सासऱ्यांनाही न्या." लोक खो खो हसले. मग शेठ गंभीर झाले. "आणि हे किडे तुमच्या कॉलेजातलेच कशावरून नाहीत?"

प्रश्न रास्त होता. एकदा खोटा ठरलेल्या माणसाला असंच विचारावं. नाना म्हणाले, "शेठ, माती तुम्हीच आणा. तुम्हाला हवी तिथून." शेठ गेले आणि तळ्यातली सगळ्यांत टणक, काठाजवळची ढेकळं घेऊन आले. तिथं अंडी नसलीच तर? टब पंचायतीच्या खिडकीत ठेवला, माझ्या कॅनमधलं पाणी शेठच्या हातानं ओतवलं, वर पातळ फडकं बांधून नानांनी गाठीवर लाख लावली. तोवर ट्रॅक्टर थांबले. तीन दिवस.

ते तीन दिवस मी त्याच गावात राहिलो. अक्काच्या घरी कळण्याची भाकरी आणि ठेचा. तिच्या दारातून तळं दिसायचं, पूर्वेकडचा कोपरा मुरुमानं भरून पांढरा पडलेला. मी जेवता जेवता तिकडं बघायचो आणि भाकरी ताटात तशीच राहायची. ती एकदाही बोलून दाखवत नव्हती. शेवटी मीच म्हणालो, "अक्का, नाहीच उठले तर?"

"ते तं उठतीन. तू जेव."

तिसऱ्या दिवशी सकाळी लाख फोडली. सगळ्यांत पुढं शेठच, थट्टा करायला आलेले. चष्मा कपाळावर सारून ते वाकले. वाकलेलेच राहिले. बाकीचे मागून ढकलतायत, "काय दिसतंय, काय दिसतंय?" मग हळूच म्हणाले, "हालतंय हो." आणि थोड्या वेळानं, "नाना, ह्यांना खायला काय लागतं?"

नानांनी तिथल्या तिथं काम थांबवलं. लोक पांगले. मी तळ्यावर गेलो तर अक्का आधीच त्या पांढऱ्या कोपऱ्यात होती आणि एकटी, पाटीनं मुरूम उचलून काठावर टाकत होती. एवढा ढीग आणि एवढी बाई. माझ्या सहीमुळं पडलेला ढीग. मी म्हणालो, "अक्का, माफ कर." ती म्हणाली, "पाटी उचल."

मी कॉलेजला अर्ज पाठवला, लग्नकार्यासाठी रजा हवी म्हणून, आणि पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी नाना आले. तिसऱ्या दिवशी शेठचा ट्रॅक्टर आला, या वेळी उलट्या दिशेनं. शेठ स्वतः चालवत होते. मृगाच्या आधी मुरूम निघाला, पण खालची माती चाकांनी दाबून दगडासारखी झाली होती. त्या वर्षी तळं भरलं. बाकीच्या तळ्यात सगळं आलं: उलटे, पाठीवर पोहणारे ते झिंग्यासारखे जीव, गोगलगायी, बेडूक, आणि अक्काचा शिंगाडाही. पूर्वेच्या कोपऱ्यात नुसतं पाणी. मी भिंग लावून बघितलं, जाळी फिरवली. काही नाही. पुढच्या वर्षी काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. अक्का उन्हाळ्यात तिथली माती कुदळीनं फोडायची, चांगल्या भागातला चिखल आणून त्यात कालवायची. मी रविवारी जायचो, तिच्याबरोबर फोडायचो. तिला त्या कोपऱ्याची गरज नव्हती, शिंगाडा बाकी तळ्यात पुरेसा होता. ती ते माझ्यासाठी करत होती, हे मला फार उशिरा कळलं.

चौथ्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात विद्यापीठाची तपासणी समिती आली होती. दोन मोठे प्राध्यापक, प्राचार्य, सर, आणि मी साहित्याची नोंदवही धरून उभा. एकेक वस्तू वाचून दाखवायची, ती आहे का ते त्यांनी बघायचं. सूक्ष्मदर्शकांपर्यंत आलो होतो तेवढ्यात दारात तो एस.टी. कंडक्टर, खाकी कपड्यात, पिशवी खांद्याला. बाहेर गाडी उभी करून आला होता.

"भाऊ, अक्काना निरोप शे. कोपरा उठना."

कोपरा उठला! मी नोंदवही सरांच्या हातात दिली, खिशातल्या किल्ल्या तिच्यावर ठेवल्या आणि त्याच गाडीत बसलो. मागं कोणीतरी काहीतरी म्हणत होतं.

अक्का गुडघाभर पाण्यात उभी होती. पॅन्ट न सावरताच मी उतरलो. त्या कोपऱ्यात, त्याच कोपऱ्यात, पाठीवर पडून पाय हलवत ते पोहत होते, एक, दोन, मग मोजता येईनात इतके. मला रडू आवरेना. अक्का माझ्या पाठीवर चिखलाचा हात ठेवून उभी राहिली. देवानं मला पदवी दिली नाही, पैसाही बेताचाच दिला, पण त्या कोपऱ्यात मला ज्या माणसांनी उभं केलं त्यांचं ऋण मोठ्या शिकलेल्यांनाही लाभत नसेल.

दुसऱ्या दिवशी मेमो हातात पडला. समितीसमोरून विनापरवानगी निघून गेल्याबद्दल लेखी खुलासा चोवीस तासांत द्यावा. मी विभागाचा कागद घेतला आणि लिहिलं: तळ्याच्या पूर्वेकडील कोपऱ्यातील मातीत जीव आढळले, सबब गैरहजर राहिलो. सही केली आणि या वेळी कागद आधी सरांपुढं ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला. मग लाल शाईचं पेन काढलं आणि खाली लिहिलं: खुलासा समाधानकारक.